माझ्या पोटात लढलेली कॅनीची लढाई

मित्रांनो, मी एक जुनी रापण आहे. रापण म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर लाजू नका. आजकाल दर्याकाठी राहणाऱ्यांनाही मासा पिशवीतूनच भेटतो. मी एक लांबच लांब जाळं आहे. माझ्या एका टोकाचा दोर पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, माणसांच्या हातात राहतो. बाकीची मी होडीत बसून दर्यात जाते, अर्ध्या चंद्रासारखी फेरी मारते आणि लांबवर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्हीकडची माणसं दोर ओढत ओढत एकमेकांच्या जवळ येतात, आणि मध्ये जे सापडतं ते माझ्या पोटात जमतं. त्या पोटाला खोळ म्हणतात. माझ्या वरच्या काठाला बोये तरंगतात आणि खालच्या काठाचे शिशाचे मणी वाळू चाटत येतात. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल. नाही कळलं तर पुन्हा वाचा, मी कुठे पळून जात नाही.

शाळा मी बाहेरूनच पाहिली. वाळत घालायला मला शाळेच्या कुंपणावर टाकत, तेवढंच माझं शिक्षण. आणि तेवढ्या शिक्षणावर मी तुम्हाला युरोपातल्या एका मोठ्या लढाईची गोष्ट सांगणार आहे. हसू नका. ती लढाई पुस्तकात वाचलेले पुष्कळ असतील, पोटात घेतलेली मी एकटीच.

माझा जन्म एका घरात झाला नाही. पूर्णगडला किल्ल्याखाली, मुचकुंदीची खाडी दर्याला मिळते तिथे आमची वाडी आहे. वाडीतल्या घराघरांत माझा एकेक तुकडा विणला गेला आणि मग पुळणीवर सगळे तुकडे एकमेकांना शिवले गेले. माझ्या आधीच्या रापणी सुताच्या होत्या. त्यांना झाडाच्या सालीच्या रंगात उकळून काढावं लागे. मी नायलॉनची, नव्या जमान्याची. पण गाठ मात्र हाताचीच. खोळ विणायचं काम एका नव्या नवरीच्या वाट्याला आलं. गुणवंती तिचं नाव. सासू म्हणाली, "बघू तरी, माहेराहून बोटं आणलीस की नुसत्या बांगड्या." गुणवंतीने खोळ विणली. सासूने एकेक गाठ ओढून पाहिली. एकही सुटेना, तेव्हा ती काही न बोलता उठून गेली. आमच्याकडे सासू काही बोलली नाही म्हणजे तो हारतुराच समजायचा.

मग माझे वैभवाचे दिवस आले. नारळीपौर्णिमेला दर्याला नारळ आणि मला हळदकुंकू. मी पाण्यात उतरले की वाडी रिकामी आणि पुळण भरलेली. आमच्या पुळणीचे तीन कायदे होते. पहिला, दोराला ज्याने हात लावला त्याला माशाचा वाटा मिळायचा. मग तो पाहुणा असो, नाहीतर वाटेने जाणारा पोस्टमन. दुसरा, दोर हातात घेतला की खोळ वाळूवर येईपर्यंत सोडायचा नाही. आणि तिसरा कायदा सगळ्यांत कडक. ओढून घेतलेला दोर दर्याला परत द्यायचा नाही. हातभरही नाही. दोर परत देणं म्हणजे नाक कापून देणं. हा तिसरा कायदा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

वैभव टिकलं तर त्याला वैभव कोण म्हणेल? तरणे पुरुष मुंबईला गेले. उरलेले मोठ्या यांत्रिक होड्यांवर चढले. ओढायला हात उरले नाहीत आणि माझी रवानगी गुणवंतीच्या घरामागच्या मांगरात, म्हणजे अडगळीच्या खोपटात झाली. ज्यांनी मला सोन्यासारखं जपलं त्यांच्याच नातवंडांनी मला क्रिकेटच्या बॉलसाठी आडवं बांधलं. मांजरीने दोनदा माझ्या खोळीत बाळंतपण उरकलं. मी कुरकुर केली नाही. तिला तरी माझ्या पोटाची ऊब कळली.

या वर्षी नवरात्र सरल्यावर हितेशला काय वाटलं कोण जाणे. हितेश हा गुणवंतीचा मुलगा. मनाने वाईट नाही, पण घाई त्याच्या रक्तात. आई चिपळूणला लेकीकडे गेली होती, तेवढ्यात त्याने मला बाहेर काढलं. उंदरांनी खोळीला भोक पाडलं होतं. ते त्याने नव्या दोऱ्याची चकती विणून भरलं. पण कसं? खाटेची नवार ताणावी तसं घट्ट! वरून थोपटून म्हणतो कसा, "बघा, वाजतंय ढोलासारखं." ढोल वाजवायला चांगला असतो रे, मासा धरायला नाही. चार माणसं गोळा करून त्याने खेप घातली. बांगड्याची थोडीशी झुंड आली, तिने मुसंडी मारली, आणि ती घट्ट चकती चारी बाजूंनी टर्रकन फाटली. मासे गेले. वाडी हसली. आणि माणूस स्वतःच्या चुकीवर चिडतो तेव्हा राग वस्तूवर काढतो. "कुजली ही," म्हणून त्याने मला एका हॉटेलवाल्याला देऊन टाकायचं ठरवलं.

सुजय त्या हॉटेलवाल्याचं नाव. किनाऱ्यावर त्याचं नवं हॉटेल उभं राहत होतं. प्रत्येक खोलीच्या भिंतीवर माझा एकेक तुकडा टांगायचा आणि वर शिंपले चिकटवायचे, असा त्याचा बेत. घराघरांनी जोडलेली मी, खोल्याखोल्यांत कापली जाणार होते.

गुणवंती चिपळूणहून परत आली ती थेट मांगरात. खोळीची चिंधी हातात धरून तिने हाक मारली, "हितेश! ही चकती कोणी लावली?"

"मीच. का?"

"मेल्या, जाळं शिवलंस की तोंड?"

"आये, ती कुजलीय आता. सुजयशेठ रविवारी टेम्पो घेऊन येतोय. शब्द दिलाय मी."

"शब्द दिलास. रापण तुझी आहे का द्यायला? ह्या खोळीवर माझ्या सासूने हात फिरवला होता." ती खाली बसली. चिंधीतले फाटके दोरे बोटाने मोकळे केले. मग म्हणाली, "येऊ दे रविवारी. पण त्याच दिवशी सकाळी एक खेप मी घालणार. खोळ भरून आली तर रापण मांगरात राहील. फाटली, तर कातर मीच त्याच्या हातात देईन."

गुणवंतीचा शब्द माझ्या शिशाहून जड. एकदा पाण्यात पडला की वर येत नाही. माझ्या जिवाचा सौदा झाला होता.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती मांगरात बसून हितेशची चकती उसवू लागली. तिच्यासोबत नात बसायची. शमिका हे हितेशचं लेकरू, रत्नागिरीला कॉलेजात जातं. तिला लष्करात अधिकारी व्हायचं आहे, म्हणून ती लढायांचा अभ्यास करते.

"आजी, आज कॅनीची लढाई सांगू?"

"सांग. हातांना काम आहे, कान मोकळे आहेत."

शमिकाने जमिनीवर काजीच्या, म्हणजे काजूच्या, बिया पसरल्या. ते रोमचे सैनिक. समोर थोड्या शिंपल्या मांडल्या. त्या हॅनिबलच्या. "सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इटलीत झाली ही लढाई. हॅनिबल समुद्रापलीकडच्या कार्थेजचा. रोमच्या घरात घुसून त्याने रोमला आव्हान दिलं. रोमची फौज ऐंशी हजारांची म्हणतात, ह्याची पन्नास हजारांच्या आसपास. आणि रोमनांचे सेनापती दोन. एक दिवस एकाचा हुकूम, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा."

गुणवंतीची सुई थांबली. "एका होडीवर हुकूम सोडणारे दोन तांडेल? मग ऐंशी हजार काय नि ऐंशी लाख काय. बुडणार."

"ऐक तर. रोमनांनी सगळं बळ मध्ये कोंबलं. रांगेमागे रांग, अरुंद आणि खोल. एका अंगाला नदी. वारा त्यांच्या तोंडावर, डोळ्यांत धूळ. हॅनिबलने काय केलं, मध्ये आपले कच्चे लोक ठेवले. त्यांची रांग चंद्रकोरीसारखी पुढे फुगवलेली. कसलेलं पायदळ दोन्ही टोकांना आणि त्याच्याही बाहेर घोडदळ."

"मध्ये कच्चे? असला तांडेल माझ्या होडीला नको गो बाय."

"आणि तो स्वतः त्या कच्च्यांमध्ये जाऊन उभा राहिला."

"हं," गुणवंती म्हणाली. तिच्या 'हं'मध्ये पुष्कळ असतं.

शमिकाने काजीच्या बिया पुढे सरकवल्या. "रोमन घुसले. हे मागे सरले. पळाले नाहीत हां, लढत लढत मागे सरले. फुगलेली कोर आधी सपाट झाली, मग आत वळली. रोमनांना वाटलं, जिंकलो! मागचे पुढच्यांना रेटायला लागले. सगळे त्या खोलगट जागेत शिरले. दोन्ही टोकांचे कसलेले लोक जागचे हलले नव्हते. ते आता आत वळले. आणि घोडदळ? त्याने रोमनांचे घोडे आधीच पिटाळले होते, ते वळसा घालून पाठीमागून आलं. चारी बाजू बंद! इतकी दाटी झाली की तलवार उगारायला जागा उरली नाही."

मित्रांनो, मी तिथेच पसरलेली होते. मला तोंड असतं तर मी ओरडले असते, अगो, ही तर मी! ती दोन टोकं माझी, ती खोळ माझी, ती एका अंगाची नदी म्हणजे आमच्या किल्ल्याखालचा खडप, तो खडकांचा कडा!

गुणवंतीने पायाच्या अंगठ्याने एक शिंपली मागे ढकलली, पुन्हा पुढे आणली. "हा तर रापणकरी होता," ती म्हणाली. "फक्त एक गोष्ट त्याने केली ती आपण करत नाही. त्याने दोर परत दिला."

"म्हणजे?"

"मागे सरला, पण तुटला नाही. आपण ओढत राहतो, म्हणून खोळ फाटते." मग तिने विचारलं, "त्या काजीच्या बियांचं पुढे काय झालं?"

"बहुतेक सगळे मेले, आजी. एका दिवसात."

गुणवंतीने बिया ओंजळीत गोळा केल्या. "आयांचे लेक होते गो ते. ही अक्कल माशांना घालावी, माणसांना नको." शमिकाही बिया वेचू लागली. थोड्या वेळाने आजीने विचारलं, "मग रोम जिंकलं का त्याने?"

"नाही. लढाई जिंकला, युद्ध शेवटी हरला. एवढं जिंकल्यावर पुढे काय करायचं ते त्याला साधलं नाही, असं म्हणतात."

"मग आपण वाटे आधी ठरवू," गुणवंती म्हणाली आणि तिने पुन्हा सुई उचलली. नवी चकती तिने सैल लावली, सासरी जाणाऱ्या लेकीच्या चोळीला शिवणीत माया ठेवतात तशी.

रविवार उजाडला. शमिका पहाटेच झुंड हेरायला किल्ल्याच्या बुरुजावर जाऊन बसली होती. ऊन वर आलं तशी तिने खूण म्हणून ओढणी हलवली. पाण्यावर काळा डाग! ढगाची सावली असावी तसा, पण आभाळात ढग नव्हता आणि वर पक्षी घिरट्या घालत होते. बांगडा आला होता, आणि असा तसा नव्हे, झुंडच्या झुंड.

आमच्याकडे हात किती? मोजून लाज वाटावी इतके. पण गुणवंतीने ते असे मांडले की हॅनिबलने बघत राहावं. किल्ल्याच्या अंगाला खडपाजवळ हितेश आणि दोन-तीन धट्टेकट्टे. दुसऱ्या अंगाला तिची सून संध्या आणि मासळी विकणाऱ्या बायका. डोक्यावर टोपली घेऊन जांभ्याची घाटी चढणाऱ्या त्या बायकांना कच्चं म्हणायची कोणाची छाती आहे? म्हातारे आणि पोरं दोराच्या शेपटाला. मोरू, गुणवंतीचा म्हातारा दीर, होडीवर तांडेल.

"भावजी," ती म्हणाली, "रापण लावून झाली की घरी येऊ नका. वळसा घालून खोळीच्या मागे जा आणि वल्ह्यांनी पाणी झोडपा."

"वहिनी, असं कधी केलं नाही."

"म्हणूनच माशांना ठाऊक नाही."

आणि ती स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरली, बरोबर मध्ये, माझ्या खोळीच्या समोर. दोन्ही टोकांना तिचाच हात दिसणार, तिचीच हाक ऐकू येणार. एक तांडेल.

रापण लागली. दोर ताणले. तेवढ्यात पुळणीवर टेम्पो येऊन थांबला आणि पांढऱ्या बुटांत सुजयशेठ उतरले. "आजी, रापण न्यायला आलोय. कुठे आहे?"

"ती काय, दोराच्या टोकाला. ओढा आणि न्या!"

सुजयला वाटलं, गंमत आहे. त्याने हसत हसत संध्याच्या मागे दोराला हात लावला. संध्या वळून म्हणाली, "शेठ, आता सोडायचा नाही हां. आमच्याकडे कायदा आहे." बायका हसल्या. पुढच्या लाटेत पांढरे बूट करडे झाले.

आम्ही निम्म्यावर आलो असू. आणि झुंडीला कळलं. मित्रांनो, हजारो मासे एकदम फिरले आणि दर्याच्या दिशेने माझ्या खोळीवर आदळले. तो धक्का मी आजही विसरले नाही. माझी गाठन् गाठ किंचाळली. बोये पाण्याखाली गेले. दोर सतारीच्या तारेसारखे ताठ झाले.

"ओढा!" हितेश ओरडला. "जोर लावा, पळतायत!"

"थांब!" गुणवंतीचा हात वर गेला. "दोर सोडा. सैल द्या!"

पुळणीवरच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ओढलेला दोर परत? हितेशचे हात दोराला चिकटले. "आये, काय बोलतेस? सगळी वाडी बघतेय! नाक जाईल!"

"नाक माझंही आहे, आणि ते तुझ्याहून लांब आहे! दे दोर!"

हितेश देईना. माझी खोळ टाचणीएवढ्या आशेवर उभी होती. किल्ल्यावरून धावत आलेली शमिका बापाच्या हाताला भिडली. "पप्पा, मागे सरणं म्हणजे पळणं नाही! आजी बघा कुठे उभी आहे!"

हितेशने पाहिलं. त्याची आई छातीपर्यंत पाण्यात होती, लाटा तोंडावर घेत, माझ्या फुगलेल्या पोटाच्या अगदी समोर. ती जागची हलली नव्हती. त्याने दात आवळले आणि दोर हातातून सरकू दिला. एक हात. दोन हात. पलीकडे संध्यानेही तेवढाच दिला, ना कमी ना जास्त.

मी श्वास घेतला. खोळ मागे गेली, फुगली, खोल झाली. जोर लावणाऱ्या झुंडीला समोर भिंत मिळेना. मागचे पुढच्यांना रेटू लागले आणि सगळे त्या सैल पोटात शिरले. गुणवंतीने हात फिरवला आणि मोरूची होडी खोळीमागे आली. सपासप वल्ही वाजली. बोयांवरून उडी मारून दर्यात पळू बघणारे मासे त्या आवाजाने पुन्हा आत. खडपाकडून हितेश, वाळूकडून संध्या, दोन्ही टोकं एकमेकांकडे चालू लागली. खाली शिसं वाळूला धरून, वर बोये पाण्याबाहेर.

"आता!" गुणवंती गरजली. "आता ओढा रे माझ्या वाघांनो! आता एक बोटही परत द्यायचं नाही!"

मग काय सांगू! घराघरांतून माणसं बाहेर आली. जे म्हणाले होते रापणीला आता हात लावणार नाही, तेच धोतर खोचून दोराला लागले. सुजयशेठ तर सगळ्यांत मोठ्याने "हैया!" म्हणत होते. आणि मी आले. वाळूवर आले. पोट भरून, चांदीसारखी झळझळत, तडफडत, शिसं वाजवत. गुणवंतीची सैल चकती माशांनी गच्च भरली होती आणि तिची एकही गाठ सुटली नव्हती.

वाडी नाचली. मोरू होडीतच उभा राहून गाऊ लागला, बेसूर, पण कोणी हसलं नाही. हितेश माझ्या खोळीजवळ बसला आणि त्याने ती चकती बोटांनी चाचपून पाहिली, जशी एकदा त्याच्या आजीने पाहिली होती. तोही काही बोलला नाही. गुणवंतीने ओळखलं.

पण तिचं काम अजून संपलं नव्हतं. "पिल्लं काढा आधी! बोटाएवढे सगळे परत पाण्यात!" पोरं ओंजळी भरभरून बारका मासा सोडून आली. मग वाटे झाले. ज्याने हात लावला त्याला वाटा, शेपटाला बसलेल्या म्हाताऱ्यांना पहिला. जिंकल्यावर काय करायचं, हे आमच्या पुळणीला ठाऊक होतं.

सुजयशेठ आपला वाटा दोन्ही हातांत धरून उभे होते. "आजी, तुमची अट ऐकली मी बायकांकडून. शब्द तो शब्द. रापण तुमची. पण माझ्या भिंतींना मी काय लावू?"

"चुना लाव," गुणवंती म्हणाली. सगळी पुळण हसली, आणि सुजयशेठही. जाताना हळूच हितेशला विचारत होते, पुढची खेप कधी.

मित्रांनो, आज मी पुन्हा शाळेच्या कुंपणावर वाळते आहे. तुम्ही मधल्या सुट्टीत बाहेर याल तेव्हा मला हात लावून बघा, मी चावत नाही. पण एक मागणं आहे. तुमच्या घरातही कोपऱ्यात कोणी जुनं पडलेलं असेल, वस्तू असेल नाहीतर माणूस. त्याला ऊन दाखवा. उंदरांपासून जपा. फाटलं तर कापू नका, शिवा. आणि शिवताना थोडी माया सोडा, घट्ट शिवलेलं पहिल्याच धक्क्याला जातं.

परवा शमिका या शाळेत येऊन पोरांना कॅनीची लढाई सांगून गेली. खिडकी उघडी होती. फळ्यावर तिने एक मोठी कोर काढली आणि विचारलं, "असं कुठे पाहिलंय का कोणी?" सगळ्या वर्गाने एकदम मान वळवून कुंपणाकडे पाहिलं.

मी वाऱ्यावर जरा फुगले. एवढा मान माझा आहेच.